गावात सिनेमा दाखवायचा तर: पडदा, उजेड, आवाज आणि परवानगी

मराठवाड्यात तालुक्याच्या कितीतरी ठिकाणची टॉकीज बंद पडली. नवा मराठी सिनेमा लागला तरी आडवळणाच्या गावातल्या माणसाला तो पाहायला जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागतं, आणि शेवटची एसटी चुकवून सिनेमा कोणी पाहत नाही. म्हणून सिनेमानेच गावात जायला हवं. सार्वजनिक वाचनालय, तरुण मंडळ, बचत गट, शाळा किंवा छोटा सिनेमा स्वतः बनवलेली मंडळी, कोणालाही हे जमण्यासारखं आहे. लागणारं सामान जिल्ह्याच्या गावी भाड्याने मिळतं.

मात्र फिकट चित्र आणि फाटका आवाज घेऊन गेलात, तर लोक अर्ध्या तासात उठतात, आणि मागाहून आपणच म्हणतो की गावाला चांगला सिनेमा नको असतो. त्यात गावाचा दोष नसतो. मल्टिप्लेक्सच्या प्रेक्षकाला जे दिसतं आणि ऐकू येतं, ते पारावरच्या प्रेक्षकालाही मिळालं पाहिजे, आणि थोडा हिशेब नीट केला तर मिळतं.

आधी हक्क

घरी आणलेली डीव्हीडी, ओटीटीचं सबस्क्रिप्शन, यूट्यूबवरचा सिनेमा हे सगळं घरात पाहण्यापुरतं. चौकात दाखवायचा तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कधारकाची परवानगी लागते, खेळ फुकट असला तरी. हक्कधारक दरवेळी निर्माताच असतो असं नाही. थिएटरचे हक्क वितरकाकडे, टीव्हीचे वाहिनीकडे आणि ओटीटीचे तिसऱ्याकडे गेलेले असतात. म्हणून निर्मात्याला पहिला प्रश्न हाच विचारा: थिएटरबाहेरच्या सार्वजनिक खेळांचे हक्क आज कोणाकडे आहेत? परवानगी पत्रावर घ्या. पत्रात सिनेमाचं नाव, गाव, जागा, तारीख, खेळांची संख्या, तिकीट आहे की मोफत, मानधन किती आणि खेळानंतर फाइलचं काय करायचं, एवढं स्पष्ट असावं. पावसाने खेळ पुढे ढकलला तर चालेल, ही ओळ आवर्जून घालून घ्या. नाहीतर दुसऱ्या तारखेसाठी पुन्हा पत्रव्यवहार करत बसावं लागतं.

दुसरा कागद सेन्सॉर प्रमाणपत्राचा. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी दाखवायच्या सिनेमाला ते लागतंच. २०२३च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत गेली, आता ते कायम चालतं. आणि ‘यूए’चे (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या सिनेमांचे) वयाप्रमाणे तीन भाग झाले: ७, १३ आणि १६ वर्षांवरचे. उघड्या मैदानात दारावर वय तपासता येत नाही, लेकरं तर सगळ्यात आधी येऊन बसतात. त्यामुळे ‘यू’ किंवा ‘यूए ७+’ एवढ्यातलाच सिनेमा निवडा. ‘ए’ प्रमाणपत्राचा सिनेमा मैदानात दाखवायचाच नाही.

जागेसाठी ग्रामपंचायतीचं पत्र, शाळेचं मैदान असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचं पत्र, आणि ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्यात अर्ज. अर्ज निदान आठ दिवस आधी द्या आणि पोच घ्या. तिकीट लावायचं ठरवलंत तर प्रकरण बदलतं: जिल्हाधिकारी कार्यालयाचा परवाना मागे लागतो आणि जीएसटीचाही प्रश्न येऊ शकतो. पहिले काही खेळ लोकवर्गणीतून मोफत करणं शहाणपणाचं. मोफत असला तरी तहसील कार्यालयात आधी विचारून ठेवा, म्हणजे ऐनवेळी कोणी अडवत नाही.

तारीख आणि वेळ

उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकाला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांतली ही अट. सगळं वेळापत्रक तिच्यापासून उलटं मोजायचं. मेच्या मध्यावर लातूर-नांदेडकडे सूर्य सातला दहा कमी असताना मावळतो, छत्रपती संभाजीनगरला सातच्या आसपास. पडद्यावर चित्र उठून दिसण्याएवढा अंधार त्यानंतर पंचवीस मिनिटांनी होतो. म्हणजे साडेसातला पाच कमी असताना सुरुवात आणि दहाला पाच कमी असताना शेवट, हातात अडीच तास. त्यातली दहा मिनिटं मध्यंतराची, दहा मिनिटं गावकऱ्यांच्या दोन शब्दांची. उरलेल्या वेळेत दोन तास दहा मिनिटांचा सिनेमा बसतो, त्याहून लांब बसत नाही. जानेवारीत सूर्य सहा-दहाला मावळतो खरा, पण धारा काढून, डेअरीला दूध घालून लोक यायला सात वाजतातच.

हंगामाचं गणित जिल्ह्याप्रमाणे फिरतं. बीडच्या पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी या पट्ट्यात दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला टोळ्या निघतात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. तिथे जानेवारीत खेळ लावला तर समोर म्हातारी माणसं आणि आजीपाशी ठेवलेली लेकरं एवढीच दिसतील. या गावांसाठी पाडवा ते मृग हाच काळ. इतरत्र तुरीची रास झाल्यापासून हरभरा-ज्वारीच्या काढणीपर्यंत अधूनमधून फट मिळते. परभणी-हिंगोलीकडे जानेवारीत थंडी चांगलीच झोंबते आणि मध्यंतराला निम्मं मैदान उठतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, तेव्हा गावात आवाज लावूच नये. एप्रिल-मेमध्ये भीती वळवाची: दुपारभर उकडून पाचला ढग येतात आणि सहाला वावटळ सुटते. त्या महिन्यांत दुसरी तारीख आधीच ठरवून, पोस्टरवर छापूनच ठेवा.

हरिनाम सप्ताह, लग्नाची दाट तिथी आणि मोठा क्रिकेट सामना, या तिन्हींशी स्पर्धा करू नका. माळेगाव किंवा येरमाळ्यासारख्या जत्रेत उघड्यावर खेळ लावण्याचा मोह होतो, कारण माणूस आयता जमलेला असतो. पण पाळण्यांचा उजेड आणि चारी बाजूंचे कर्णे यांच्यात संवादप्रधान सिनेमा टिकत नाही. जत्रेला बंद तंबूच हवा, आणि तो वेगळा धंदा आहे.

जागा आणि पडदा

पडद्याचं तोंड पूर्वेकडे ठेवा. मावळतीचा उजेड मग पडद्याच्या पाठीवर पडतो आणि खेळ दहा-पंधरा मिनिटं लवकर सुरू करता येतो. पौर्णिमेला घाबरायचं कारण नाही, चांदणं पाव लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास असतं, त्याने चित्र बिघडत नाही. उलट परतणाऱ्यांना वाट दिसते. खरा शत्रू हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा मोठा दिवा. त्याचा २० लक्स उजेड पडद्यावर पडला की काळा रंग राखाडी होतो आणि रात्रीचे प्रसंग दिसेनासे होतात. ग्रामपंचायतीला सांगून तेवढे तीन तास तो दिवा बंद ठेवा, आणि बंद करणारा माणूस कोण, त्याचा फोन कोणता, हे दुपारीच पक्कं करा.

साडेतीनशे माणसांसाठी १६ फूट रुंद, ९ फूट उंच पडदा पुरतो. पहिली रांग पडद्यापासून किमान १६ फुटांवर, शेवटची ७५ फुटांपर्यंत. तेवढ्या पट्ट्यात सरासरी ४० फूट रुंदी धरली आणि मांडी घालून बसलेल्या माणसाला सहा चौरस फूट दिले, तर वाटा सोडून साडेतीनशे माणसं नीट बसतात. पहिल्या रांगेपुढे दोरी बांधा, नाहीतर लेकरं पडद्याला नाक लावून बसतात. पडद्याची खालची कड जमिनीपासून सहा फूट वर हवी. सिनेमा स्कोपमध्ये (जास्त रुंद, कमी उंच चित्राचा) असेल तर चित्र १६ फूट रुंद असलं तरी उंची पावणेसात फूटच भरते आणि वरखाली काळ्या पट्ट्या राहतात. हे आधी विचारून घ्या आणि चित्र पडद्याच्या मध्याऐवजी वरच्या कडेला लावा. मागच्या रांगेला त्याचा फार फायदा होतो.

कापड म्हणून जाड पांढरं मांजरपाट उत्तम. शिवण आडवी घ्या आणि मागे काळं अस्तर लावा. अस्तर नसेल तर उजेड आरपार जातो. चकाकणारा फ्लेक्स टाळा. मधल्या माणसांना त्यावर प्रोजेक्टरचा डाग दिसतो आणि कडेच्यांना चित्र अंधारं. चारी कडांना दर फुटावर रिंगा ठोकून घ्या आणि पडदा चौकटीला सुतळीऐवजी रबरी दोरीने ताणा, म्हणजे सुरकुती पडत नाही.

वाऱ्याचा हिशेब मांडववाल्यावर सोडू नका. एवढ्या पडद्यावर ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्याचा रेटा सुमारे ७० किलो येतो, आणि वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. नुसत्या पुरलेल्या बल्ल्या तो सोसत नाहीत. लोखंडी पाइपची चौकट, दोन फूट खोल खड्डे, पुढे दोन आणि मागे दोन दोरखंडाचे ताण, आणि ताणांच्या खुंट्या चौकटीपासून निदान आठ फूट लांब. काळ्या रानात भेगा पडलेल्या असतात, तिथे खुंटी सैल बसते. शेजारी मातीने भरलेली पोती ठेवून ताण त्यांनाही बांधा. खालच्या कडेची दोरी एका झटक्यात सुटेल अशा गाठीने बांधा. वारा वाढला की ती सोडायची, पडदा झेंड्यासारखा फडफडू द्यायचा, माणसं मागे घ्यायची. पडदा फाटला तर शिवता येतो, चौकट माणसांवर पडता कामा नये.

प्रोजेक्टर

भाड्याने देणारा ‘मोठा प्रोजेक्टर आहे’ म्हणतो. तुम्ही ल्युमेन विचारा, म्हणजे तो एकूण किती उजेड फेकतो ते. १६ बाय ९ म्हणजे १४४ चौरस फूट. ५,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर वापरून वापरून प्रत्यक्षात तीन हजारांच्या आसपास देतो, आणि मांजरपाट त्यातला पाचवा हिस्सा गिळतं. तरीही पडद्यावर सुमारे १६ फूट-लॅम्बर्ट (पडदा किती उजळ दिसतो त्याचं माप) उजेड येतो. सिनेमागृहाचं प्रमाण १४ आहे. २० फुटी पडद्याला हाच प्रोजेक्टर १०-११ वर येतो, चित्र मळकट दिसतं. तिथे आठ हजारांचा हवा. शाळेतला ३,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर दहा फुटांच्या पडद्यापर्यंत चांगला. मोठ्या पडद्यावरच्या अंधाऱ्या चित्रापेक्षा लहान पडद्यावरचं लख्ख चित्र केव्हाही बरं.

प्रोजेक्टर किती लांब ठेवायचा हे त्याच्या थ्रो रेशोवर (अंतर भागिले चित्राची रुंदी) ठरतं: रेशो १.५ असेल तर १६ फुटी चित्रासाठी २४ फूट. म्हणजे तो प्रेक्षकांच्या मधोमध येणार. त्याच्याभोवती चार फुटांचं कुंपण करा आणि साडेपाच-सहा फुटांचा माचा बांधा. बुटक्या टेबलावर ठेवून तोंड वर केलं की चित्र समलंबासारखं होतं, मग लोक ‘कीस्टोन’ने ते सरळ करतात; त्यात उजेडही जातो आणि अक्षरांच्या कडाही तुटतात. लेन्स शिफ्ट (यंत्र न वाकवता चित्र वर-खाली सरकवायची सोय) असलेला प्रोजेक्टर मागा, नसेल तर माचा उंच करा.

बहुतेक प्रोजेक्टर चाळीस अंशांपर्यंतच चालायचे असतात, आणि मे महिन्यात चारला पत्र्याखाली त्याहून जास्त ताप असतो. तोपर्यंत पेटी सावलीत ठेवा, गाडीत नको. खेळाआधी फिल्टर झाडा. धुळीने तो भरला की यंत्र तापून मधेच बंद पडतं. पाखरं लेन्सपुढे घोंगावतात, त्यासाठी पन्नास फुटांवर, पडद्याकडे उजेड जाणार नाही असा एक वेगळा दिवा लावून ठेवा.

फाइल

थिएटरला जाणारी डीसीपी ही खास प्रत लॅपटॉपवर नीट चालत नाही, तिचा नाद सोडा. निर्मात्याकडे १९२० बाय १०८० ची एच.२६४ एमपीफोर फाइल मागा, सेकंदाला १५ ते २० मेगाबिटची. दोन तासांचा सिनेमा १८ जीबीपर्यंत जातो. नेहमीचा पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असला तर चार जीबीहून मोठी फाइल त्यात जातच नाही, आणि हे खेळाच्या दिवशी कळतं. एक्सफॅट करून घ्या. दोन प्रती, दोन वेगळ्या ड्राइव्हवर, आणि तिसरी लॅपटॉपमध्येच. खेळ लॅपटॉपमधूनच चालवा.

फाइल मागताना आवाज ‘स्टिरिओ’ आहे का, हे पत्रात लिहून विचारा. गावातल्या खेळांचा सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. ५.१ आवाजात (थिएटरसाठीच्या, सहा चॅनेलच्या) पात्रांचे संवाद मधल्या चॅनेलवर असतात. लॅपटॉपने नुसते डावा-उजवा चॅनेल बाहेर सोडले की पार्श्वसंगीत दणक्यात वाजतं, पात्रांचे ओठ हलतात आणि शब्द गायब. लोकांना वाटतं स्पीकर खराब आहे. आधीच्या दिवशी संवादाचा एक प्रसंग आणि गाण्याचा एक तुकडा हेडफोनशिवाय, खऱ्या मिक्सरवर वाजवून पाहा. लॅपटॉपचं इंटरनेट बंद, स्क्रीनसेव्हर बंद, अपडेट बंद.

आवाज

वरातीचा डीजे मागवू नका. त्याच्या बासच्या पेट्या छातीत धडधड करतात, पण माणसाचं बोलणं समजायला लागतो तो वरचा सूर, एक ते चार हजार हर्ट्झचा. देवळावरचे कर्णेही नकोत. १२ किंवा १५ इंची चांगले दोन पॉवर्ड (आतच ॲम्प्लिफायर असलेले) स्पीकर साडेतीनशे माणसांना पुरतात. पडद्याच्या दोन बाजूंना, आठ फूट उंच स्टँडवर, तोंड किंचित आत आणि खाली. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो: एक मीटरवर ११० असेल तर सोळा मीटरवर ८६. हा हिशेब मागच्या रांगेपर्यंत पुरेसा आहे, म्हणून पुढे बसलेल्यांचे कान फुटेपर्यंत आवाज वाढवायची गरज नसते. स्पीकर वर उचलले की पुढच्या आणि मागच्या रांगेतला फरक कमी होतो.

मैदानापलीकडे शाळेची लांबलचक भिंत असेल तर ती आवाज परत फेकते. १७ मीटरपेक्षा दूरच्या भिंतीवरून आलेला प्रतिध्वनी वेगळा ऐकू येतो आणि प्रत्येक शब्द दोनदा पडतो. स्पीकरचं तोंड भिंतीकडून वळवा, किंवा भिंतीवर सतरंज्या टांगा. तपासणी स्वतः शेवटच्या रांगेत बसून करायची, मिक्सरपाशी उभं राहून नाही.

वीज

वीज गावठाण फीडरवरून (शेतीपंपांची नव्हे, गावातल्या घरांची लाइन), महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन किंवा ग्रामपंचायत-शाळेच्या मीटरवरून घ्या. आकडा टाकायचा नाही. गर्दीत उघडी वायर म्हणजे जीवाशी खेळ. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की आपोआप पडणारा स्विच) बसवा. संध्याकाळी सगळं गाव दिवे लावतं तेव्हा व्होल्टेज खाली येतं, लॅम्पचा प्रोजेक्टर मग विझतो आणि पुन्हा पेटायला पाच-सात मिनिटं घेतो. त्यासाठी प्रोजेक्टर आणि लॅपटॉपला १ ते २ केव्हीएचा यूपीएस. सगळं सामान मिळून दोन किलोवॉटच्या आत असतं, तेव्हा ५ केव्हीएचा जनरेटर भरपूर झाला. तो पडद्यामागे शंभर-दीडशे फुटांवर, भिंतीआड ठेवा, २.५ चौरस मिलिमीटरची तीन तारांची केबल वापरा, आणि चालू असताना त्यात पेट्रोल ओतू देऊ नका. स्पीकरमधून भुणभुण येत असेल तर बहुतेकदा प्रोजेक्टर एका बोर्डावर आणि आवाज दुसऱ्या बोर्डावर असतो. दोन्ही एकाच बोर्डावर घेतले की ती थांबते.

लोकांपर्यंत पोचवणं

चार दिवस आधी पोस्टर लावा: पार, डेअरी, पिठाची गिरणी, एसटी थांबा. त्यावर सिनेमाचं नाव, वार आणि तारीख, वेळ, जागा, सिनेमा किती वेळाचा, मोफत की तिकीट, आणि ‘बसायला सतरंजी आणावी’. किती वाजता संपेल हे मोठ्या अक्षरात. सकाळी रानात जाणारा माणूस आणि घरातली बाई, दोघंही आधी तेच विचारतात. आठवडी बाजार खेळाच्या आधी येत असेल तर पंचक्रोशीला तिथेच कळवा. खेळाच्या दिवशी सकाळी आठला आणि दुपारी चारला दवंडी. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसतं पोस्टर टाकण्यापेक्षा अर्ध्या मिनिटाचा ट्रेलर टाका, तोही निर्मात्याने दिलेलाच.

बाया आल्या नाहीत तर तो खेळ गावाचा झाला नाही असं समजा. बचत गटाच्या ताईंना आणि आशाताईंना तारीख ठरवतानाच विचारा, निरोप त्यांच्या तोंडून जाऊ द्या. बसण्याची एक बाजू त्यांच्यासाठी राखा, येण्याजाण्याच्या वाटेवर दिवा ठेवा, दाराशी गटातल्याच दोघीजणी उभ्या असू द्या, आणि शौचालयाची किल्ली कोणाकडे आहे ते जाहीर सांगा.

खेळाच्या दिवशी

तीनला पोचा. पाचपर्यंत पडदा, सहापर्यंत आवाज, मग लेकरांना हाताशी धरून सतरंज्या. अंधार पडताच फोकस मधोमध आणि चारी कोपऱ्यांत तपासा. मध्यंतरात पुन्हा, कारण यंत्र तापल्यावर तो थोडा सरकतो. स्वागताची भाषणं दहा मिनिटांवर थांबवायची जबाबदारी गावातल्याच एका वडीलधाऱ्या माणसाकडे द्या, पाहुण्याने माईक काढून घेतलेला शोभत नाही. सुरुवातीचं सेन्सॉर प्रमाणपत्र पुढे ढकलू नका, पूर्ण दाखवा. श्रेयनामावली संपेपर्यंत दिवे लावू नका.

खेळ संपला की आधी वाटेवरचे दिवे, मग माणसं, मग सामान. लॅम्पचा प्रोजेक्टर पंखा थांबेपर्यंत हलवायचा नाही. पडदा दवाने ओलसर असेल तर घडी न घालता गुंडाळून न्या आणि दुसऱ्या दिवशी उन्हात वाळवा, नाहीतर बुरशीचे ठिपके कायमचे बसतात. आठवड्याच्या आत निर्मात्याला अंदाजे उपस्थिती, चार फोटो आणि फाइल पुसल्याचं कळवणारं पत्र पाठवा, वर्गणीचा जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. पुढच्या गावासाठी हक्क मागताना ही दोन्ही कागदं सोबत जोडा.